पोटात पाय, पाठीवर कल्ले

मृगाचा पाऊस पडून गेला, की मराठवाड्यातील शेतांच्या बांधांवर, ओल्या भिंतींच्या कडेला आणि केळीच्या बुंध्याशी गोगलगायी दिसू लागतात. पाठीवर शंख, पुढे दोन लांब व दोन आखूड शिंगे, आणि मागे चांदीसारखा चकाकणारा चिकट माग. 'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण वरून गरीब दिसणाऱ्या, पण आतून धूर्त असणाऱ्या माणसाला उद्देशून वापरतात. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड व धाराशिव या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांना तिचा अर्थ फार महागात पडला. शंखी गोगलगायींनी रात्रीच्या वेळी सोयाबीनची कोवळी रोपे खाऊन टाकली आणि कित्येकांना दुबार पेरणी करावी लागली.

म्हणीतील शब्द प्राणिशास्त्रालाही मान्य आहेत. गोगलगाय ज्या वर्गात मोडते, त्याला 'उदरपाद' असे नाव आहे. उदर म्हणजे पोट आणि पाद म्हणजे पाय. गोगलगायीच्या शरीराचा खालचा सपाट, मांसल भाग हाच तिचा पाय होय. त्याच्या लाटांसारख्या हालचालींनी ती पुढे सरकते. ज्या कोणी ही म्हण प्रथम उच्चारली, त्याने गोगलगाय उलटी करून नीट पाहिली असली पाहिजे.

उदरपादांचे खरे घर मात्र समुद्र आहे. देवघरातला शंख, मुलींच्या सागरगोट्यांच्या खेळात मिसळणारी कवडी, किनाऱ्यावर वेचली जाणारी रंगीत शिंपलीवजा घरे, ही बहुतेक उदरपादांनीच बांधलेली असतात. शंख म्हणजे त्यांचा किल्ला. शत्रू आला, की आत शिरावे आणि दार लावून घ्यावे. पण या मोठ्या कुळातील काही शाखांनी फार प्राचीन काळी हा किल्ला सोडून दिला. अंड्यातून बाहेर पडणाऱ्या त्यांच्या बहुतेक पिलांच्या अंगावर अजूनही इवलासा शंख असतो. पिलू काही काळ पाण्यात तरंगते, योग्य जागा मिळाली की तळाशी बसते, आणि मग तो शंख टाकून देते. पुढचे सारे आयुष्य ते उघड्या अंगाने काढते. हीच समुद्री गोगलगाय.

ती पाहिली, तर शेतातील गोगलगायीशी तिचे नाते आहे, यावर चटकन विश्वास बसत नाही. कोणी दुधासारखी पांढरी, अंगावर जांभळे ठिपके व कडेला पिवळी किनार. कोणी निळी, तीवर केशरी रेघा. कोणी पारदर्शक, आतील अवयव दिसावेत अशी. डोक्यावर दोन शिंगे असतात. त्यांचा उपयोग मुख्यत्वे वास घेण्यासाठी होतो. पाण्यात विरघळलेला भक्ष्याचा गंध ती टिपतात. पुष्कळ जातींच्या पाठीवर, मागच्या बाजूस, फुलाच्या पाकळ्यांसारखा एक झुबका डोलत असतो. ते तिचे कल्ले होत. मासा आपले कल्ले झाकणाखाली जपून ठेवतो. हिने ते उघड्यावर मांडलेले असतात. म्हणूनच या प्राण्यांच्या सर्वांत मोठ्या गटाच्या शास्त्रीय नावाचा अर्थ 'उघड्या कल्ल्यांचे' असा आहे. या एका गटात जगभर ३,००० हून अधिक जाती ज्ञात आहेत. त्यांतील बहुतेक बोटाच्या पेराएवढ्या असतात, काही तांदळाच्या दाण्याहून मोठ्या नसतात, आणि हिंदी महासागरात आढळणारी एक लाल जात मात्र चांगली हातभर वाढते.

एवढे मऊ शरीर, धावण्याची शक्ती नाही, लपायला शंख नाही, आणि वर हा भडक वेष! असा प्राणी एक दिवस तरी जिवंत कसा राहतो?

या प्रश्नाचे उत्तर रुईच्या झुडपावर सापडते. नांदेड-लातूरकडच्या माळावर रुई विपुल आहे, आणि तिच्या पानांवर पिवळ्या व निळ्या पट्ट्यांचा एक मोठा टोळ ऐटीत बसलेला पुष्कळांनी पाहिला असेल. तो हिरवा होऊन पानात लपत नाही. रुईचा विषारी चीक तो पचवतो आणि ते विष आपल्या अंगात साठवतो. ज्या पक्ष्याने एकदा त्याची चव घेतली, तो पुन्हा त्या रंगांच्या वाटेला जात नाही. समुद्री गोगलगायींच्या अनेक जाती नेमके हेच करतात. समुद्रतळाशी स्पंज नावाचे स्थिर प्राणी असतात. आत्मरक्षणासाठी त्यांच्या अंगात कडू व विषारी द्रव्ये असतात, म्हणून इतर प्राणी त्यांना सहसा तोंड लावत नाहीत. गोगलगाय तो स्पंज खाते आणि त्याचे विष कातडीत साठवून ठेवते. तिचा रंग ही माशांसाठी लावलेली पाटी असते. गंमत अशी, की ही पाटी तिला स्वतःला वाचता येत नाही. तिचे डोळे अगदी साधे असतात. उजेड आणि अंधार यांपलीकडे त्यांना फारसे काही कळत नाही.

दुसऱ्या काही जातींची युक्ती याहून धाडसाची आहे. त्यांच्या पाठीवर बोटांसारख्या मऊ उंचवट्यांच्या रांगा असतात. त्या हायड्रॉइड नावाचे, झुडपासारखे दिसणारे प्राणी खातात. या प्राण्यांच्या अंगी जेलीमाशाप्रमाणे डंख मारणाऱ्या सूक्ष्म पेशी असतात. खाताना त्यांतील पुष्कळशा डंख न मारताच गोगलगायीच्या पोटात जातात, आणि तेथून तिच्या पाठीवरील बोटांच्या टोकांशी पोचून तयारीत राहतात. मग जो मासा तिला तोंडात धरील, त्याला दुसऱ्याच प्राण्याचा डंख बसतो. शत्रूच्या गोठ्यातून बाण चोरून आणावेत आणि आपल्या भात्यात ठेवावेत, असाच हा प्रकार.

आणखी एका गटाच्या गोगलगायी हिरवे शेवाळ शोषून खातात. पानाला हिरवेपणा देणारे आणि उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करणारे जे हरितकण, ते यांतील काही जाती पचवून टाकत नाहीत. ते शरीरात पसरवून ठेवतात आणि काही काळ कामाला लावतात. अशा गोगलगायी हिरव्या पानासारख्या दिसतात. समुद्रससा म्हणून ओळखली जाणारी एक मोठी जात-मालिका आहे; तिची लांब शिंगे सशाच्या कानांसारखी दिसतात, आणि तिला छेडले, तर ती पाण्यात जांभळी शाई सोडते. या समुद्रसशांच्या मज्जापेशी आकाराने फार मोठ्या असतात. त्यांवर प्रयोग करून स्मरणशक्ती कशी घडते, याचा शोध घेतल्याबद्दल एरिक कँडेल यांना २००० सालच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. गोगलगायीला मंद म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आता या प्राण्याच्या अभ्यासातील खरी अडचण पाहू. फुलपाखरू टाचणीने टोचून ठेवले, तर त्याचे रंग वर्षानुवर्षे टिकतात. शंख कपाटात ठेवला, तर तो शंभर वर्षांनीही शंखच राहतो. समुद्री गोगलगाय मात्र पाण्याबाहेर काढली, की तिचा आकारच मोडतो. ती चिकट गोळ्यासारखी दिसू लागते. मद्यार्काच्या बाटलीत टाकली, की थोड्याच काळात तिचे रंग उतरतात आणि कल्ले आक्रसून जातात. मागे उरतो तो मळकट पांढरा तुकडा. जिचे नावच रंगांवरून ओळखायचे, तिचे रंगच नाहीसे झाले, तर ओळख पटवावी कशी?

कॅमेरा हाताशी नव्हता, तेव्हा या अडचणीवर कुंचल्याने मात केली. मद्रास इलाख्यातील एक मुलकी अधिकारी वॉल्टर इलियट यांनी विशाखापट्टणमजवळच्या वाल्टेअरच्या किनाऱ्यावर या प्राण्यांचा संग्रह केला होता. मांजरा गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. तेव्हा लातूर-नांदेडचे पाणी ज्या समुद्रात जाते, त्याच समुद्राचा हा किनारा. इलियट यांनी बाटल्यांबरोबर रंगीत चित्रेही इंग्लंडला पाठवली. ती जिवंत प्राणी समोर ठेवून रंगवलेली होती. जोशुआ ऑल्डर आणि ऑल्बनी हॅनकॉक या दोन अभ्यासकांनी त्यांच्या आधाराने १८६४ साली एक निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात अनेक नव्या जातींचे वर्णन केले. चित्रे नसती, तर त्या बाटल्यांतील रंगहीन तुकड्यांवरून फारसे काही सांगता आले नसते. पुढे १९४६ साली विंकवर्थ या अभ्यासकाने मुंबईच्या किनाऱ्यावरील समुद्री गोगलगायींविषयी लिहिले. त्यांतील एका जातीला त्याने मुंबईचे नाव दिले. शास्त्रीय ग्रंथांत ती आज 'गोनिओब्रँकस बॉम्बायानस' या नावाने ओळखली जाते.

कुंचल्याचे काम आता कॅमेऱ्याने उचलले आहे. समुद्राखाली छायाचित्र काढण्याचे आरंभीचे यशस्वी प्रयत्न लुई बूतां या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८९३ साली केले. पण पाणबुड्याला मोकळेपणे हिंडता आले, ते १९४३ नंतर. त्या वर्षी झाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी पाठीवर वाहून नेता येईल असे श्वासयंत्र सिद्ध केले. अशा साधनांनी पाण्याखाली हिंडण्यालाच आज 'स्कूबा डायव्हिंग' म्हणतात. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू भरलेला असतो, असा पुष्कळांचा समज आहे. सामान्यतः त्यात आपण घेतो तीच साधी हवा, पण अतिशय दाबाखाली कोंडलेली असते.

महाराष्ट्रात हा अनुभव घेण्याचे प्रसिद्ध ठिकाण म्हणजे मालवण. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाची पायाभरणी केली. त्या किल्ल्याच्या भोवतालच्या खडकांवर प्रवाळ, स्पंज आणि शेवाळ यांची दाट वस्ती आहे. १९८७ साली या भागातील २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. जवळच तारकर्ली येथे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाची डायव्हिंग शिकवणारी संस्था आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला व गढूळ असतो, म्हणून नावा बंद असतात. दिवाळीच्या सुमारास पाणी निवळू लागते.

नांदेडच्या नदीकाठावर पोहायला शिकलेल्या मुलालाही येथे दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. विहिरीत बुडी मारताना आपण श्वास कोंडून धरतो. श्वासयंत्र लावून मात्र श्वास कधीही कोंडून धरायचा नसतो. प्रत्येक १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. १० मीटरांवर छाती भरून घेतलेली हवा पृष्ठभागाशी येताना दुप्पट जागा मागते, आणि ती कोंडून धरली, तर फुप्फुसे फाटू शकतात. याच कारणासाठी, आणि रक्तात मुरलेला नत्रवायू हळूहळू बाहेर पडावा म्हणून, वर येतानाही घाई करायची नसते. मिनिटाला सुमारे ९ मीटर ही मर्यादा पाळतात. दुसरी गोष्ट तोल सांभाळण्याची. कमरेच्या पट्ट्यात शिशाची वजने असतात, आणि अंगातील जाकिटात हवा भरता किंवा सोडता येते. या दोहोंचा मेळ बसला, की पाणबुड्या वरही जात नाही आणि बुडतही नाही. घारीसारखा अधांतरी राहतो. हा मेळ ज्याला साधला नाही, त्याच्या हाती कॅमेरा देऊ नये, असे म्हणावेसे वाटते. त्याच्या पायांतील वल्ह्यांसारख्या पंखांचा एक फटकारा तळाचा गाळ उडवतो, आणि वर्षानुवर्षे वाढलेले प्रवाळ क्षणात मोडतो.

गोगलगाय शोधावी कशी? तिचा शोध घेणारे जाणते लोक आधी तिचे अन्न शोधतात. ज्या खडकावर स्पंज आहे, तेथे स्पंज खाणारी. जेथे हायड्रॉइडची झुडपे आहेत, तेथे ती खाणारी. कधी प्राणी दिसत नाही, पण खडकावर फितीची गुंडाळी चिकटवावी तशी एक नाजूक वलयाकृती दिसते. ती तिच्या अंड्यांची माळ असते. म्हणजे अंडी घालणारी फार दूर नाही. एका बुडीत शंभर मीटर पोहणाऱ्याला जे दिसत नाही, ते एका खडकापाशी अर्धा तास थांबणाऱ्याला दिसते.

सापडली, तरी डोळ्यांना ती मळकी, निळसर-करडी दिसेल. यात तिचा दोष नाही. सूर्याचा प्रकाश पाण्यात शिरला, की त्यातील तांबडा रंग सर्वांत आधी शोषला जातो; पाच-दहा मीटरांखाली तो जवळजवळ उरतच नाही. त्या खोलीवर बोट कापले, तर रक्त हिरवट-काळे दिसते. म्हणून छायाचित्रकार आपला प्रकाश बरोबर घेऊन जातो. त्याच्या दिव्याचा पांढरा झोत वीतभर अंतरावरून पडतो, आणि पाण्याने शोषलेले तांबडे, केशरी, जांभळे रंग एका क्षणात परत येतात. दिवा कॅमेऱ्याच्या डोक्यावर ठेवून भागत नाही. तो बाजूस, तिरका धरावा लागतो. तसे केले नाही, तर मधल्या पाण्यात तरंगणारे कण उजळतात आणि चित्रावर पिठाची चाळण धरल्यासारखे ठिपके उमटतात. शिवाय पाण्यात प्रकाशकिरणांचे वक्रीभवन होत असल्यामुळे प्रत्येक वस्तू आहे त्याहून जवळ आणि मोठी भासते. नवशिका हात पुढे करतो आणि त्याचा अंदाज चुकतो.

खरी परीक्षा अजून पुढेच असते. गोगलगायीला धक्का लागला, किंवा नुसता पाण्याचा झोत लागला, तरी ती पाठीवरचे कल्ले आत ओढून घेते आणि शिंगे मिटते. मग जे चित्र मिळते, ते ओळखीच्या कामाचे नसते. कारण जात ठरवताना शिंगांवरील वलये, कल्ल्यांची संख्या व त्यांच्या टोकांचा रंग हेच पाहतात. काही उतावळे लोक चित्र देखणे यावे, म्हणून तिला काडीने उचलून रंगीत प्रवाळावर नेऊन ठेवतात. यात दुहेरी हानी आहे. प्राण्याला इजा होते, ती एक. आणि चित्र खोटे ठरते, ही दुसरी. अभ्यासकाला ती कोणत्या स्पंजावर बसली होती, हे प्राण्याइतकेच महत्त्वाचे वाटते. जागा बदलली, की तिच्या अन्नाचा पुरावा पुसला जातो. पुष्कळशा जातींचे आयुष्य वर्षभराचेही नसते, तेव्हा तोच पुरावा पुढच्या वर्षी तेथे मिळेल, अशी आशाही धरता येत नाही. म्हणून चांगला छायाचित्रकार आधी ती आहे तशी दुरून टिपतो, मग कडेने, मग वरून, आणि शेवटी शिंगांवर दृष्टी स्थिर करून अगदी जवळून. पाण्याबाहेर येताच तो दिनांक, ठिकाण, खोली, अदमासे लांबी आणि आसपास काय होते, हे वहीत उतरवून ठेवतो. ही वही नसलेले चित्र भिंतीवर लावण्यास ठीक.

ज्यांना बुडी मारणे शक्य नाही, त्यांच्यासाठी ओहोटी आहे. अमावास्या व पौर्णिमेच्या सुमारास मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावरून पाणी फार दूर ओसरते आणि खडकांच्या खळग्यांत लहान लहान डबकी उरतात. २०१७ साली 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' या नावाने काही नागरिकांनी अशा डबक्यांतील जीवांच्या नोंदी घेण्यास आरंभ केला. हाजी अली, जुहू यांसारख्या गजबजलेल्या किनाऱ्यांवर, घोट्याएवढ्या पाण्यात उकिडवे बसून त्यांनी समुद्री गोगलगायी टिपल्या आहेत. बाजूने मोटारी धावत असतात, पाण्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, आणि त्याच खळग्यात नखाएवढा एखादा जीव आपले कल्ले पसरून बसलेला असतो. ज्या खडकावर भराव पडतो किंवा सांडपाणी वळवले जाते, त्या खडकावर कोण राहत होते, हे सांगायला पुष्कळदा अशी छायाचित्रेच काय ती साक्षीदार उरतात. सोबत एवढेच लागते: ओहोटीचे वेळापत्रक, घसरणार नाही असे पादत्राण, आणि उलटा केलेला प्रत्येक दगड होता तसा पुन्हा ठेवण्याची सवय. दगडाखालचा जीव उन्हात राहिला, तर तासाभरात मरतो.

भारतातील समुद्री गोगलगायींची ओळख करून देणारा सचित्र मार्गदर्शक ग्रंथ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०१७ साली प्रसिद्ध केला. त्याचे कर्ते दीपक आपटे आणि दिशांत देसाई हे होत. अशा ग्रंथाची पाने उलटताना एक गोष्ट लक्षात येते. बाटलीतील तुकड्यावरून जे ठरवता येत नव्हते, ते जिवंत प्राण्याच्या चित्रावरून शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहता येते: हा ठिपका येथे आहे, तेथे नाही, ही किनार पिवळी, ती केशरी. मात्र रंगसुद्धा कधी कधी फसवतात. एकाच जातीत पिवळे व पांढरे असे दोन्ही वेष आढळतात, तर हुबेहूब दिसणाऱ्या दोन गोगलगायी दोन भिन्न जातींच्या निघतात. मग दातांची रचना आणि पेशींतील आनुवंशिक द्रव्य तपासावे लागते. तेवढ्यासाठी एखादा नमुना परवानगीने गोळा करतात, आणि त्याच्या बाटलीवर जो क्रमांक असतो, तोच त्याच्या जिवंतपणीच्या छायाचित्रावरही घालतात.

मालवणच्या खडकावर किंवा मुंबईच्या डबक्यात टिपलेले एखादे चित्र ज्ञात जातींशी जुळत नाही, असेही घडते. त्याखाली प्रजातीचे नाव लिहितात, आणि जातीच्या नावाची जागा तूर्त रिकामी ठेवतात.